लाइन आल्यावर तीन मिनिटं

लाइन आली की गावात आधी ओरड होते,
मग पंखे फिरतात.
माझ्या छपरीत काहीच होत नाही.
भिंतीवरची पेटी आतल्या आत आकडे वाचते,
दोनशे अडुसष्ट, दोनशे एक्कावन्न, दोनशे चौतीस,
जशी आई पाव्हण्याला पाय धुवायला पाणी देऊन
उंबऱ्यातूनच त्याचा चेहरा वाचायची.
तीन मिनिटं.
मग टक्क.
मग मी वाइंडिंग मशीनजवळ बसते.

आधी पेटी नव्हती.
तीन वर्षं झाली, संत्र्याला आंबिया फुलला होता,
आणि डीपीवरचा न्यूट्रल सुटला.
टेस्टिंग बोर्डावरचा शंभरचा बल्ब,
जन्मभर लिंबासारखा पिवळा,
अचानक पांढराफेक झाला.
मला वाटलं, वा, आज लाइन काय जोरात आहे!
दोन सेकंदांचा आनंद.
मग फट्.
मग वेढे मोजायचा काउंटर, मग सोल्डरिंग, मग चार्जर,
आणि नंदू ठवकरचं मिक्सर,
जे तेव्हाच दुरुस्त करून
"चालते का" म्हणून लावलं होतं.

जळक्या वार्निशचा वास मला ओळखीचा आहे,
त्याच्यावरच तर माझं पोट.
पण तो नेहमी दुसऱ्याच्या मोटरीचा असतो.

वायरमन पुनाराम खांबावरून उतरला, हात पुसत म्हणाला,
"न्यूट्रल गेला जी बाई,"
जसं कुणी सांगावं, गाय सुटली.

आर्वीला उस्ताद हनीफभाईंकडे गेले.
त्यांच्याकडेच मी पहिली मोटर भरली होती,
वेढे चुकले की ते बोलत नसत, फक्त तार परत उलगडत.
म्हणाले, "विजेले अडवू नको, पोरी.
तिले घाई असते.
तिले दुसरं दार दाखव."

म्हणून घरामागं आठ फूट खड्डा.
तांब्याची पट्टी, मीठ, बाभळीचा कोळसा,
परत मीठ, परत कोळसा, वर एक नळकांडं.
आमची काळी माती पावसाळ्यात चप्पल धरून ठेवते,
आणि चैत्रात असं तोंड वासते
की भेगेत कोंबडीचं पिल्लू जातं.
कोरड्या मातीत दार उघडत नाही.
तर रोज संध्याकाळी दोन गुंड पाणी,
नळ तिसऱ्या दिवशी येतो त्या गावात.
अनसूया कोहळे कुंपणावरून बघत राहिली चार दिवस,
पाचव्या दिवशी विचारलंच, "काय पेरलं वं तिथं?"
म्हटलं, काही उगवू नये म्हणून घालते.
तिनं ते घरी जाऊन काय सांगितलं, देव जाणे.

बोर्डाखाली आणखी एक तुकडा आहे,
हिरव्या खिडकीचा, बाराशे रुपयांचा.
मागच्या वैशाखात, मध्यरात्री, कुठंतरी जवळच पडली,
पत्र्यांवरचे दगडसुद्धा सरकले.
सकाळी खिडकी लाल.
बाकी सगळं जिथल्या तिथं,
ग्राइंडर, ड्रिल, नवा काउंटर शून्यावर शहाण्यासारखा.
मी तो तुकडा फोडून पाहिला.
आत रुपयाएवढी निळी चकती, कडेला काळा डाग.
उलटी केली, सुलटी केली.
हिला तार नाही. वेढे नाहीत. भरायला काहीच नाही.
माझ्या छपरीत दुरुस्त न होणारी
ही पहिलीच वस्तू.
फेकवेना. स्क्रूच्या डब्यात आहे अजून.
नवा तुकडा साडेबाराशेला पडला.

एवढं असूनही आर्वीकडून आभाळ काळवंडलं
की मी धावत जाऊन सगळ्या पिना उपटते.
पेटीवर भरवसा आहे, खड्ड्यावर आहे,
पण पिन हातात असली की जरा जास्त आहे.

आत्ताही लाइन नाही.
नंदू समोर बसलाय, मांडीवर तेच मिक्सर,
यावेळी नुसतं बटण गेलंय.
"आली की लगेच लावता ना?"
लगेच नाही, म्हटलं.
चहा घे.